घरबागेतील शतावरी : लागवड, निगा आणि काढणी



शतावरी हे नाव मराठी घरांना नवे नाही. बाळंतिणीच्या खोलीतील फडताळात शतावरी कल्पाचा डबा असतो, वैद्याच्या पुडीत तिचे चूर्ण असते आणि आजीच्या बोलण्यात तिची स्तुती असते. परंतु ज्या वनस्पतीचे हे चूर्ण, ती जिवंत स्थितीत ओळखणारी माणसे शहरात थोडीच आढळतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले व भोपाळ त्याची राजधानी झाले. त्या वेळी नागपूरहून कार्यालयांबरोबर अनेक मराठी कुटुंबे येथे आली. ग्वाल्हेर, इंदूर आणि जबलपूर येथील कुटुंबांचीही पुढे त्यांत भर पडली. शासकीय निवासस्थानांच्या अंगणात तुळस, अडुळसा, गवती चहा व कढीपत्ता रुजले. शतावरी मात्र डब्यातच राहिली.

डब्यातील ही शतावरी येते कोठून, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तिचा काही भाग शेतातून येतो. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ती मुख्यत्वे रानातूनच आली आहे. सातपुडा आणि विंध्य या दोन्ही पर्वतराजींच्या पानझडी वनांत ती निसर्गतः वाढते. हिंदी भाषक लोक तिला सतावर म्हणतात. तिचा उपयुक्त भाग म्हणजे मूळ. आणि मूळ उपटले की झाड संपते. आवळा तोडला तरी आवळ्याचे झाड उभे राहते. शतावरीचे तसे नाही. मागणी वाढली म्हणजे अपक्व मुळेही खणली जातात, बी धरण्यापूर्वीच वेल नाहीसा होतो आणि पुढील वर्षी त्या जागी काही उगवत नाही. घरच्या गरजेपुरती शतावरी घरी लावणे हा या प्रश्नाचा संपूर्ण उलगडा नव्हे. परंतु प्रत्येक घराच्या आवाक्यातील तो एक उपाय निश्चितच आहे.

तीन बहिणींची ओळख

लागवडीपूर्वी एक घोटाळा दूर करणे अगत्याचे आहे. शतावरीच्या कुळातील तीन वनस्पती आपल्याकडे बागांत दिसतात आणि त्या परस्परांच्या नावाने खपतात.

पहिली ती औषधी शतावरी. तिचे शास्त्रीय नाव ॲस्परॅगस रेसिमोसस. ही काटेरी व आधाराने चढणारी वेल असून तिच्या बुडाशी बोटाएवढ्या जाड, दोन्ही टोकांना निमुळत्या अशा मुळांचा मोठा झुबका असतो. शतावरी किंवा शतमुळी हे नाव त्यावरूनच पडले. सुश्रुतसंहितेत कंटकपंचमूळ म्हणून ज्या पाच काटेरी वनस्पती सांगितल्या आहेत, त्यांत हिची गणना आहे.

दुसरी ती भाजीची ॲस्परॅगस. तिचे शास्त्रीय नाव ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस. युरोपात व चीनमध्ये तिचे कोवळे कोंब भाजी म्हणून खातात. तिला काटे नसतात व ती वेलीसारखी चढत नाही.

तिसरी शोभेची. हार, गुच्छ व सभागृहाच्या सजावटीत जी नाजूक, पिसासारखी हिरवी डहाळी असते ती हिची. कुंड्यांतून लोंबणारा तिचा दुसरा प्रकारही परिचित आहे. हे दोन्ही प्रकार मूळचे दक्षिण आफ्रिकेकडील होत. यांची मुळे औषध म्हणून अथवा कोंब भाजी म्हणून वापरू नयेत. यांची लाल फळे लहान मुलांच्या तोंडात जाणार नाहीत अशी खबरदारी घ्यावी.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट दाखवावी. शतावरीवर जी सुईसारखी बारीक हिरवी पाने दिसतात, ती खरी पाने नव्हेत. त्या पानांचे काम करणाऱ्या फांद्या होत. खरी पाने झिजून खवल्यांच्या व काट्यांच्या रूपात उरली आहेत. कमी पाण्यात तग धरण्याची ही निसर्गाची योजना आहे. मुळांतील साठाही त्याच योजनेचा भाग होय.

भोपाळची माती आणि हवा

भोपाळ माळव्याच्या पठाराच्या कडेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर वसलेले आहे. येथे वर्षाकाठी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. मे महिन्यात तपमान ४० अंशांच्या वर जाते, तर हिवाळ्यात रात्री चांगलीच थंडी पडते. रानातील शतावरीला ही हवा पूर्णतः मानवते. उन्हाळ्यात तिचा वरचा भाग वाळतो. पावसाची चाहूल लागताच बुडातून नवे कोंब फुटतात. मुळे जिवंत असेपर्यंत हे चक्र चालू राहते.

अडचण आहे ती मातीची. पुष्कळ वस्त्यांत काळी चिकण माती आहे. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. शतावरी मुरमाड, उताराच्या जागी वाढणारी वनस्पती आहे. तिच्या मुळांशी पाणी साचले म्हणजे ती कुजतात. घरबागेत शतावरी मरते ती बहुधा पाण्याच्या अभावाने नव्हे, तर अतिरेकाने मरते.

यासाठी जमिनीच्या पातळीत खड्डा खणून लावण्याऐवजी ३० ते ४० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा अथवा वरंबा करावा. काळ्या मातीत नुसती थोडी वाळू मिसळल्याने ती भुसभुशीत होत नाही, उलट पुष्कळदा अधिक घट्ट बसते. तिला खरा उतारा सेंद्रिय खताचा आहे. चांगले कुजलेले शेणखत, पालापाचोळ्याचे खत किंवा गांडूळखत भरपूर मिसळावे. मिळाल्यास मुरूम अथवा पोयटा घालावा. मातीविषयी शंका असल्यास परीक्षण करून घ्यावे. भारतीय मृदा विज्ञान संस्था १९८८ पासून भोपाळमध्येच कार्य करीत आहे आणि मृदा परीक्षणाची सोय कृषी विभागामार्फतही होते.

एक इशारा येथेच देणे आवश्यक आहे. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर बंद पडलेल्या कारखान्याच्या परिसरातील भूजल दूषित असल्याचे आढळून आले आहे. त्या भागात हातपंपाच्या पाण्यावर, स्थानिक मातीत, खाण्याची अथवा औषधाची मुळे वाढवू नयेत. तेथे नळाचे पाणी व बाहेरून आणलेली माती वापरावी. तसे शक्य नसल्यास ही लागवड टाळावी.

बी आणि रोपे

शतावरीला पावसाळ्यानंतर बारीक, पांढरी, सुगंधी फुले येतात. त्यांची फळे हिवाळ्यात पिकून लाल होतात. फळातील काळे बी धुऊन, सावलीत वाळवून ठेवावे. हे बी फार दिवस टिकत नाही. म्हणून त्याच वर्षी पेरावे. बियांचे कवच कठीण असते. पेरणीपूर्वी ते एक रात्र पाण्यात भिजत ठेवावे.

मे महिन्याच्या उत्तरार्धात, म्हणजे रोहिणी नक्षत्राच्या सुमारास, सावलीतल्या वाफ्यात किंवा पिशव्यांत बी पेरावे. एक भाग माती, एक भाग वाळू व एक भाग कुजलेले शेणखत असे मिश्रण घ्यावे. बी बोटाच्या एका पेराहून खोल जाऊ देऊ नये. वरून वाळलेले गवत पसरून झारीने पाणी द्यावे. उगवण मंद असते. पहिले अंकुर दिसण्यास सुमारे तीन आठवडे लागतात व काही बियांना दोन महिनेही लागतात. कित्येक जण या काळात निराश होऊन वाफा उकरून टाकतात. तसे करू नये. उगवण कमी होते हे ध्यानात घेऊन जितकी रोपे हवी असतील त्याच्या तिप्पट बी पेरावे.

दुसरा मार्ग बुडख्याचा. जुन्या झाडाच्या बुडाशी जी जाड चकती असते तिच्यावर डोळे असतात. दोन-तीन डोळे आणि दोन-तीन मुळे यांसह तिचे तुकडे केल्यास प्रत्येकापासून नवे झाड होते. मात्र यासाठी रानातील झाड खणून आणू नये. वन विभागाच्या अथवा उद्यान विभागाच्या रोपवाटिकेतून किंवा ओळखीच्या बागेतून रोप घ्यावे.

लावणी

बारा-पंधरा सेंटिमीटर उंचीची रोपे जुलैमध्ये, चांगला पाऊस होऊन जमीन थंड झाल्यावर लावावीत. उशिरा उगवलेली रोपे ऑगस्टमध्ये लावली तरी चालते. दोन रोपांत ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे. पाच मीटर लांबीच्या एका वरंब्यावर आठ रोपे सहज मावतात, आणि एका कुटुंबाला आठ झाडे पुरेशी होतात. कुंपणालगतची जागा निवडल्यास वेलीला आधार मिळतो. तिच्या काट्यांमुळे कुंपणही भक्कम होते. सकाळचे ऊन व दुपारनंतरची सावली मिळेल अशी जागा उत्तम.

प्रत्येक रोपासाठी ३० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल जागा भुसभुशीत करून तीत सुमारे पाच किलो कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. ताजे शेण कदापि घालू नये. त्याने वाळवी व हुमणी येते आणि मुळे जळतात. रोपाचा बुडखा मातीच्या पृष्ठभागाखाली किंचित राहील अशा बेताने लावावे व भोवतालची माती हलक्या हाताने दाबावी.

ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांनी मोठी, किमान ४० सेंटिमीटर खोल कुंडी अथवा तळाला भोके पाडलेला पिंप वापरावा. कुंडीत मुळे कमी होतात, पण झाड चांगले जगते आणि त्यापासून बी मिळते.

वर्षभराची निगा

पहिल्या पावसाळ्यात दोनच कामे आहेत : तण काढणे आणि पाणी साचू न देणे. खुरपणी उथळ करावी; खुरपे खोल गेल्यास मुळे दुखावतात. वेल ३० ते ४० सेंटिमीटर वाढली की बांबूची काठी रोवून तिला सुतळीने सैल बांधावे. पुढे दीड-दोन मीटरपर्यंत आधार द्यावा लागतो. आधार नसलेली वेल जमिनीवर पसरते, तिच्यात हवा खेळत नाही आणि बुरशी येते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात साधारणतः पंधरा दिवसांनी एकदा, तर उन्हाळ्यात आठ दिवसांनी एकदा पाणी पुरते. माती बोटभर खोल कोरडी झाली आहे असे पाहूनच पाणी द्यावे. मार्चअखेर बुडाभोवती वाळलेल्या पानांचे किंवा गवताचे जाड आच्छादन घालावे. त्याने काळ्या मातीला भेगा पडण्याचे प्रमाण कमी होते. एप्रिल-मेमध्ये वेल पिवळी पडली अथवा वाळली तर झाड मेले असे समजून उपटू नये. वाळलेला भाग जमिनीपासून वीतभर ठेवून कापावा. पहिल्या पावसानंतर नवे कोंब येतील. दरवर्षी पावसाळ्याच्या आरंभी प्रत्येक झाडास दोन-तीन किलो शेणखत द्यावे.

या झाडास रोग-किडींचा त्रास फारसा होत नाही. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा किंवा निंबोळी अर्क फवारावा. बुडाजवळ वेल अकस्मात पिवळी पडून ओढताच सुटून आली, तर मूळकुज झाली असे समजावे. ते झाड मुळांसकट काढून नष्ट करावे, त्या जागी पुन्हा शतावरी लावू नये आणि निचऱ्याची व्यवस्था तपासावी. मुळे औषधासाठी वापरायची असल्याने रासायनिक कीटकनाशके टाळणेच हिताचे आहे.

भाजीच्या ॲस्परॅगसविषयी

या परदेशी भाजीविषयी अलीकडे पुष्कळ जण विचारणा करतात. थंड देशांत कडक हिवाळा तिला सक्तीची विश्रांती देतो. त्या विश्रांतीतून ती जोमाने उठते. भोपाळच्या हिवाळ्यात अशी विश्रांती पुरती मिळत नाही. म्हणून डिसेंबर व जानेवारीत तिचे पाणी बरेच कमी करावे, पिवळा पडलेला भाग कापून खत द्यावे आणि मग पाणी सुरू करावे. हौशी माणसाने चार-पाच झाडांवर प्रयोग करण्यास हरकत नाही. मोठ्या अपेक्षेने मात्र लावू नये.

या भाजीचा एक नियम शतावरीलाही लागू पडतो. पहिली दोन वर्षे एकही कोंब तोडायचा नाही. तिसऱ्या वर्षी दोन-तीन आठवडे तोडायचे व त्यानंतर थांबायचे. जर्मनीत या भाजीचा हंगाम २४ जून रोजी, संत जॉनच्या दिवशी, परंपरेने संपतो. कोंब त्यानंतरही फुटतात. पण ते वाढू दिले नाहीत तर मुळांत पुढील वर्षासाठी अन्न साठत नाही, हे तेथील शेतकरी जाणतो. आपल्या रानांतही शतावरीचे कोवळे कोंब पावसाळ्यात भाजी म्हणून खाण्याची चाल आहे. घरच्या झाडाचे कोंब खायचे असल्यास प्रत्येक झाडाचे एक-दोनच घ्यावेत व बाकीचे वेलीसाठी राखावेत.

काढणी आणि साठवण

जुलैमध्ये लावलेल्या झाडाची मुळे दुसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे सुमारे १८ महिन्यांनी, काढण्याजोगी होतात; तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत थांबल्यास ती अधिक भरतात. डिसेंबर-जानेवारीत वेल फिकट दिसू लागली व बी पिकून गळाले की काढणी करावी. बी पिकण्यापूर्वी काढणी करणे म्हणजे पुढची पिढी खुडणे होय.

घरबागेत संपूर्ण झाड उपटण्याचे कारण नाही. आदल्या दिवशी पाणी देऊन झाडाच्या एकाच बाजूची माती कुदळीने सावकाश मोकळी करावी. बाहेरची जाड, पक्व मुळे धारदार चाकूने कापून घ्यावीत. निम्मी मुळे व बुडखा जागेवर ठेवून खतमिश्रित माती परत ओढावी. पुढील काढणी दुसऱ्या बाजूने करावी. अशा रीतीने एकच झाड अनेक वर्षे उपयोगी पडते.

मुळे स्वच्छ धुऊन थोडा वेळ वाफवावीत अथवा उकळत्या पाण्यात घालून काढावीत. म्हणजे वरचा पापुद्रा हाताने सहज सुटतो. मुळाच्या मध्यातून जाणारी दोरीसारखी शीर ओढून काढावी. नंतर तुकडे करून सावलीत, हवेशीर जागी, कडकन मोडेपर्यंत वाळवावेत व घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत. ओल्या मुळांत पाण्याचा अंश फार असतो. वाळल्यावर वजन पुष्कळच घटते. ओलसर राहिलेल्या मुळांना बुरशी येते; अशी मुळे टाकून द्यावीत.

उपयोग आणि मर्यादा

आयुर्वेदाने शतावरीला बल्य, रसायन व स्तन्यजनन म्हटले आहे. तिच्या मुळांत शतावरीन नावाची सॅपोनिन वर्गातील द्रव्ये असतात. बाळंतिणीस दूध वाढण्यासाठी ती देण्याचा प्रघात जुना आहे. यासंबंधी आधुनिक पद्धतीच्या चाचण्या मात्र थोड्या व लहान प्रमाणावर झाल्या आहेत. त्यामुळे काही गोष्टी घरच्या वडीलधाऱ्यांनी नीट समजून घ्याव्यात. बाजारातील कल्पात साखरेचे प्रमाण फार असते. बाळाला वारंवार अंगावर पाजणे आणि आईला पोटभर, सकस अन्न मिळणे, हे दूध येण्याचे पहिले व मुख्य साधन होय. डाळ, भाजी, दूध व विश्रांती यांत काटकसर करून महागडा डबा आणणे हा शहाणपणा नव्हे. बाळाचे वजन वाढत नसेल, तर शतावरीच्या भरवशावर दिवस न दवडता आरोग्य केंद्र गाठावे. गरोदरपणी, मधुमेह असताना अथवा अन्य औषधे चालू असताना वैद्यांचा वा डॉक्टरांचा सल्ला घेतल्याविना शतावरी घेऊ नये.

घरापासून रानापर्यंत

केंद्र शासनाने नोव्हेंबर २००० मध्ये राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले, तर आयुष मंत्रालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये शतावरीसाठी स्वतंत्र मोहीम हाती घेतली. भोपाळमध्ये मध्य प्रदेश राज्य लघु वनोपज सहकारी संघ १९८४ पासून आहे. त्याच्या बरखेडा पठानी येथील केंद्रात वनौषधींवर प्रक्रिया होते व ती विंध्य हर्बल्स या नावाने विकली जातात. वनहक्क कायदा २००६ ने लघु वनोपजावरील मालकी हक्क वननिवासी समाजाला दिला आहे. गोंड, कोरकू व बैगा कुटुंबांच्या उत्पन्नात या वनोपजाचा वाटा आहे. रानातील शतावरी संपली तर शहराला दुसरे औषध मिळेल; त्या कुटुंबांना मात्र दुसरे रान मिळणार नाही.

बैतूल, पांढुर्णा, सौंसर, मुलताई, बुऱ्हाणपूर या मराठी भाषक पट्ट्यातील गावांत प्रत्येक शाळेच्या कुंपणाला दहा-वीस झाडे लावता येतील. शिक्षकांनी मुलांकडून बी गोळा करून घ्यावे, उगवणीच्या दिवसांची नोंद वहीत ठेवावी व तयार रोपे गावात वाटावीत. ग्रामपंचायतींनी वन विभागाच्या साहाय्याने गावालगतच्या माळावर ती लावावीत. जेथे रानातूनच काढणी करणे भाग आहे, तेथे बी गळल्यानंतर खणणे, निम्मी मुळे राखणे व बुडखा परत पुरणे हे तीन नियम पाळले जावेत. अधिकाऱ्यांनी खरेदीच्या वेळी अपक्व मुळे नाकारली, तर हे नियम आपोआप पाळले जातील.

शतावरी हे घाईचे पीक नव्हे. ती उगवायला वेळ घेते, भरायला दोन हिवाळे घेते आणि उन्हाळ्यात मेल्याचे सोंग घेते. जो घरधनी या अवधीत तिची मुळे उकरून पाहत नाही, त्याच्या अंगणात ती दरवर्षी मृगाच्या सरींबरोबर पुन्हा वर येते. येत्या पावसाळ्यात प्रत्येक घरी निदान एक रोप लागावे.